चौसष्टाव्या सेकंदाची उचकी

पितळी पाट्या कोरणाऱ्या वर्कशॉपमधल्या आत्याला उंदरांची इतकी धास्ती आहे, की तिने कॉम्प्युटरचा माऊससुद्धा बिस्किटांच्या डब्यात कोंडून ठेवलाय आणि झाकणावर दोन किलोचं वजन ठेवलंय, अशी अफवा त्या गल्लीत चौदा वर्षं फिरते आहे. चहावाला सांगतो तेव्हा उंदीर नुसता कोंडलेला असतो. कोपऱ्यावरचा चपला शिवणारा सांगतो तेव्हा आत्या त्याला रोज अर्धं बिस्किटही घालते. आणि आत्याची भाची, जी ऐकलेला प्रत्येक आवाज हुबेहूब परत काढते म्हणून घरात जिला ‘रेडिओ’ म्हणतात, ती सांगते तेव्हा चहावाला, चपलावाला, उंदीर आणि झाकण असे चौघंही आपापल्या आवाजात बोलतात.

खरं एवढंच, की डबा आहे. आत माऊस आहे आणि त्याची वायर झाकणाच्या खाचेतून शेपटीसारखी बाहेर आलेली आहे. वजन दोन किलोचं नाही, अर्ध्या किलोचं आहे. आणि धास्तीचं म्हणाल, तर वर्कशॉपमध्ये एकदा खरा उंदीर निघाला होता तेव्हा आत्याने तो चिमट्यात धरून बाहेर सोडला. टेबलावर चढून बसले होते ते तिथले एकुलते एक कारकून.

तेव्हा तिला आत्या कोणी म्हणत नव्हतं. भाची पाळण्यात होती. वर्कशॉपमध्ये ती नुसती ‘बाई’ होती, आणि बाई म्हणजे कोरायचं मशीन, मशीन म्हणजे बाई. कपाटाएवढं धूड. एक मोटर पाटी डावी-उजवीकडे सरकवायची, दुसरी मागे-पुढे, तिसरी सुईसारखं हत्यार पितळेत टेकवायची. आणि तिन्ही मोटरी गायच्या. सरळ रेषेला एकसुरी गुणगुण. वळण आलं, की एकीचा सूर चढायचा, दुसरीचा उतरायचा. शून्य कोरताना तर दोघी एकाच झोपाळ्यावर बसल्यासारख्या. आत्या पाठमोरी उभी राहून चहा गाळता गाळता म्हणायची, “तीन कोरतंय.” कारकून चष्मा सरकवत जाऊन बघायचे. तीनच असायचा.

“बाई, तुम्ही पाटी वाचता का ऐकता?” ते नाकातून विचारायचे.

“तुम्ही चिठ्ठी लिहिता का झोपता?” आत्या म्हणायची.

हा कान तिच्याकडे वडिलांकडून आलेला. वडील शाळेत शिपाई होते, घंटा त्यांच्याकडे. हेडमास्तर वाक्याच्या मध्यावर असोत, कोणी पाहुणा आलेला असो, हातात नुकता भरलेला चहाचा कप असो, काटा जागेवर आला की वडील उठायचे. ‘येतो हं साहेब’ असंसुद्धा नाही. आधी घण्ण, घण्ण, घण्ण. मग परत येऊन गार चहा. लहान आत्या व्हरांड्याच्या पायरीवर बसून हे रोज बघायची. एकदा तिने विचारलं, “बाबा, तुम्ही पळत का नाही जात?”

“पळायचं कशाला?” वडील म्हणाले. “पळणारा कधी लवकर पोचतो, कधी उशिरा. घंटेला दोन्ही चालत नाही.”

तर एका सोमवारी मशीनचा कंट्रोल, म्हणजे मोटरींना हुकूम देणारी लोखंडी पेटी, जळक्या वासाचा एक सुस्कारा टाकून गेली. कंपनीचा माणूस बॅग घेऊन आला आणि ती बॅग न उघडताच परत निघाला. “हे मॉडेल आम्ही विसरलोय, साहेब,” तो मालकांना म्हणाला. “कागदावर तर हे केव्हाच वारलंय. तुमच्याकडे कसं काय चालत होतं?” जणू मशीनने नियम मोडून जगायचा गुन्हा केला होता.

मालक बहुतेक वाक्यांचा शेवट दोनदा बोलायचे. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, “संपलं. आता हे संपलं, संपलं. शनिवारी भंगारवाल्याला बोलावतो, बोलावतो.”

आत्या मशीनच्या पत्र्यावर हात ठेवून उभी होती. एकोणीस वर्षं झाली होती. मशीन गेलं तर आपल्याला पॅकिंगला बसवतील हे तिला कळत होतं, आणि त्याचं तिला तितकंसं वाईट वाटत नव्हतं. वाईट याचं, की जगात जी एकच गोष्ट तिला कानाने वाचता येत होती ती कायमची मुकी होणार होती.

“शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत द्या मला,” ती म्हणाली. “हॉस्पिटलच्या खोल्यांच्या चाळीस पाट्या राहिल्यात ना? त्या मी याच मशीनवर काढते.”

“हुकूम कोण देणार त्याला, त्याला?”

आत्याने बोट केलं. कारकुनांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे. पडद्यावर रंगीत मासे इकडून तिकडे पोहत होते, आणि कारकून पत्त्यांचा डाव माशांमागे झाकायला अंमळ उशीर झाल्यामुळे खोकत होते.

मालक हसले नाहीत. “चाळीसच्या चाळीस,” ते म्हणाले. “आणि एकीवरही डाग नाही. डाग दिसला की मी थांबणार नाही, नाही.”

मंगळवारी कारकुनांचा प्रिंटर काढला गेला आणि प्रिंटरच्या भोकात मशीनची वायर गेली. कॉम्प्युटरला वाटत होतं आपण कागद छापतोय. पलीकडे मोटरी फिरत होत्या. आत्याने स्वतःच एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता, जुन्या रद्दीतून आणलेल्या पुस्तकात बघून, ओळी बोटाने धरून. मोटरीला दर ठोक्याला एक पाऊल पुढे टाकायचं असतं. ठोके सेकंदाला हजारो. पहिली पाटी लागली, मोटरी गुणगुणल्या, आणि आत्याच्या अंगावर काटा आला. मशीन गात होतं.

तेवढ्यात कारकुनांनी सवयीने माऊस हलवला.

कट्!

मोटर कचरली. शून्याच्या वळणावर हत्यार क्षणभर जागीच थबकलं आणि पितळेत टोचा पडला, तिळाएवढा.

“मी काही नाही केलं!” कारकून दोन्ही हात वर करून म्हणाले. “नुसता बाण इकडचा तिकडे नेला.”

मग आत्याने नुसता बाण दहा वेळा इकडचा तिकडे नेला आणि दहा टोचे पडले. मासे पोहायला लागले तरी टोचा. घड्याळाचं मिनिट बदललं तरी बारीकसा टोचा.

“अहो, पण कॉम्प्युटर तर चांगला वेगवान आहे, वेगवान आहे,” मालक म्हणाले.

“वेगाचं नाही हो साहेब. हा आपल्या कारकुनांसारखा आहे.”

“म्हणजे काय?” कारकून दुखावले.

“कामाला वाघ. पत्र लिहील, हिशोब करील, गाणं लावील, पत्ते पिसील. सगळ्यांचं सगळं करतो. पण हाक मारली की काय म्हणतो? ‘आलोच!’ आणि येतोही. पण हातातलं आटपून. पत्राला ते चालतं. मोटरीला नाही चालत. ठोका दोन ठोक्यांइतका उशिरा आला, तरी तो चुकलेलाच.”

“आलोच म्हणणं काही वाईट नाही,” कारकून पुटपुटले, आणि रेडिओ आज ते वाक्य म्हणते तेव्हा नाकपुडीसुद्धा त्यांच्यासारखी फुगवते.

त्या दिवशी माऊस बिस्किटांच्या डब्यात गेला. मासे पडद्यावरून गेले. कारकुनांना खुर्ची भिंतीकडे तोंड करून मिळाली.

बुधवारी आत्याने कॉम्प्युटरच्या एका मासिकाला चिकटवून आलेली डिस्क काढली. तिच्यावर फुकट वाटली जाणारी एक ऑपरेटिंग सिस्टिम होती, आणि तिच्यासाठी कुठल्या कुठल्या देशांतल्या हौशी लोकांनी केलेला एक जोड-प्रोग्रॅम. आत्याने त्याचं वर्णन तीन वेळा वाचलं आणि तिसऱ्यांदा मोठ्याने हसली. सिस्टिम तीच, सगळ्यांचं सगळं करणारी. पण तिच्या पायाशी एक छोटा कारभारी बसवलेला. घड्याळाचा ठोका आधी त्याच्याकडे यायचा. तो मोटरीचं पाऊल टाकायचा आणि मगच उरलेला वेळ वरच्यांना द्यायचा. वरच्याने अर्ध्या वाक्यात थांबायचं. तक्रार नाही.

“शिपाई आहे हा,” ती म्हणाली. “हेडमास्तर वर बसलेत, सगळं त्यांना कळतं, पण घंटा शिपायाकडे.”

शिपाई बसवायला बुधवार गेला आणि गुरुवारची सकाळ गेली. दुपारी पाटी लावली. मोटरी गायला लागल्या, स्वच्छ, आरशासारख्या. आत्याने डोळे मिटून घेतले. एक रेघ, दुसरी रेघ, वळण...

कट्.

बारीक. पण होता. कारकून भिंतीकडे तोंड करून ओरडले, “मी इथे आहे! माझे हात बघा!” डबा बंद होता. मासे नव्हते. काहीच नव्हतं.

मालक मागे येऊन उभे राहिले होते. “मशीनला उचकी लागली, लागली. कोण आठवण काढतंय याची?”

“भंगारवाला,” कारकून म्हणाले.

शुक्रवारी सकाळी आत्याने खुर्ची मशीनला लावून घेतली, मनगटी घड्याळ मांडीवर ठेवलं, आणि नुसती ऐकत बसली. पाट्या तिने वाया जाऊ दिल्या. कडेच्या सरळ रेषेत उचकी आली तर टोचा कळायचाही नाही, म्हणून बघून हिशेब लागत नव्हता. एका पाटीवर दोन डाग, दुसरीवर चार. पण कानाला प्रत्येक उचकी सापडत होती. कट्. ओठ हलत होते, आकडे मोजत. कट्. गल्लीतल्यांनी खिडकीतून बघितलं आणि बाई कॉम्प्युटरसमोर डोळे मिटून जप करते ही अफवा सुरू झाली. तिची दुरुस्ती करायला कोणाला वेळ नव्हता.

दुपारी आत्या उठली. “चौसष्ट,” ती म्हणाली. “दर चौसष्ट सेकंदांनी. एकही सेकंद कमी नाही, जास्त नाही.”

“मग?” कारकुनांनी विचारलं.

“मग तो माऊस नाही, मासे नाहीत, तुम्हीसुद्धा नाही. इतका वक्तशीर गुन्हेगार आपल्याकडे कोणी नाही.”

तिने नाक्यावरच्या सायबर कॅफेत जाऊन, इंटरनेटवर त्या हौशी लोकांची पत्रांची चावडी होती तिथे प्रश्न टाकला, मोडक्यातोडक्या भाषेत. तासाभरात उत्तर आलं, त्याहून मोडक्या भाषेत, दूरच्या कुठल्याशा देशातल्या एका निवृत्त घड्याळजीचं. त्याच्याकडेही हेच बोर्ड होतं. त्यानेही मोजले होते, चौसष्ट. दोष सिस्टिमचा नव्हता, शिपायाचाही नव्हता. कॉम्प्युटरच्या बोर्डाच्या पोटातच एक छुपा प्रोग्रॅम होता. आपण तापलो तर नाही ना, हे बघायला तो दर चौसष्ट सेकंदांनी जागा व्हायचा आणि कोणालाही न विचारता, न सांगता सगळं काम थांबवायचा. शाळा तपासणारे साहेब अचानक येऊन शिपायाच्या हातातला घंटेचा हातोडाच काढून घेतात, तसं.

घड्याळजीने त्याला झोपवायची युक्ती लिहिली होती आणि खाली एक ओळ: ‘मग मात्र कॉम्प्युटर तापला तर सांगणारं कोणी राहणार नाही. पंखा लावा आणि हात लावून बघत जा.’

आत्याने छुप्या प्रोग्रॅमला झोपवलं, कॉम्प्युटरचा पत्रा उघडला, मालकांच्या खोलीतला टेबलफॅन उचलून आणला आणि त्याच्या पोटाशी लावला. मालक घामाघूम होऊन बसून राहिले. काही बोलले नाहीत, एकदाही नाही.

शनिवारी आठला पहिली पाटी लागली. पाटीला अकरा-बारा मिनिटं. आत्या मशीनकडे तोंड करून, पडद्याकडे पाठ. चौसष्ट आला आणि गेला. पुन्हा चौसष्ट. आठव्या पाटीपर्यंत ती मोजत होती, मग मोजायचं विसरली.

भंगारवाला पाचला यायचा तो दोनलाच आला. उलट्या खोक्यावर बसला आणि टेप काढून चालू मशीनची मापं घ्यायला लागला. “चालू द्या, चालू द्या, ताई. मी नुसता अंदाज घेतोय.”

“अंदाज घ्या,” आत्या म्हणाली. “बोट मात्र आत घालू नका. पितळेचा भाव वेगळा, बोटाचा वेगळा.”

एकतिसावी पाटी चालू होती. तिनाचं पोट वळत होतं, सूर चढत होता. आणि आत्याच्या पाठीमागे अचानक वाजलं: टिडींग टिडींग टिं!

पत्त्यांचा डाव जिंकल्याचं गाणं.

आत्या वळली. डब्याचं झाकण उघडं, कारकुनांचा हात आत मनगटापर्यंत, तोंडावर शाळकरी पोराचे भाव. जोड घातलेल्या सिस्टिममध्येही त्यांनी पत्ते शोधून काढले होते.

“मी नुसतं बघत होतो,” ते म्हणाले, “जिवंत आहे का.”

“कधीपासून?”

“आत्ताच.”

“अहो, कधीपासून?”

“सव्विसाव्या पाटीपासून,” कारकून म्हणाले. “जेवणानंतर डोळा लागतो हो, बाई.”

पाच पाट्या, सहावी मशीनवर. तिने पाचही उचलल्या, खिडकीपाशी नेल्या, भिंग लावलं. वळणावर भिंग, टोकावर भिंग, नखाने चाचपून पुन्हा भिंग. भंगारवाला उठून उभा राहिला. मोटरी आपल्या गातच होत्या.

एकही टोचा नव्हता.

आत्या भिंग हातात धरून तशीच उभी राहिली. मागे पत्ते पिसले गेले होते, बाण नाचला होता, गाणं वाजलं होतं, आणि त्या सगळ्या गोंगाटात कोणीतरी दर ठोक्याला न चुकता उठून आपलं काम करून परत येत होतं. न पळता. ती स्वतः पाठमोरी ऐकत होती आणि तिलाही कळलं नव्हतं. तिला व्हरांड्यातला तो गार चहाचा कप दिसला, कडेला साय धरलेला. तिने पदराने भिंग पुसलं, मग उगाचच आणखी एकदा पुसलं.

“खेळा,” ती म्हणाली.

“काय?” कारकुनांना वाटलं टोमणा आहे.

“खेळा म्हणते ना. मोठा डाव लावा. आणि ते मासे कुठे गेले? सोडा त्यांना पाण्यात.”

पाचला दहा कमी असताना चाळिसावी पाटी निघाली. मालकांनी चाळीसही पाट्या भिंगाखाली घातल्या. सगळं दोनदा बोलणारा माणूस शेवटच्या पाटीवरून मान वर करून एकदाच म्हणाला, “चालेल.” भंगारवाला रिकामा गेला नाही; जळलेली कंट्रोलची पेटी घेऊन गेला, जाताना मशीनकडे वळून बघत.

याला चौदा वर्षं झाली. कारकून निवृत्त झाले; कधी आले तर त्याच खुर्चीत बसतात आणि चहा थंड होईस्तोवर ‘निघालोच’ म्हणतात. मालक आता फक्त उन्हाला बाहेर बसतात. शाळेत विजेची घंटा बसली आहे, ती तीन मिनिटं मागे आहे. आत्या रोज जाता-येता ऐकते आणि मनगटी घड्याळ बघते. कॉम्प्युटर जुन्या दातांसारखा पिवळा पडलाय. त्याची तारीख कुठल्या तरी भलत्याच वर्षात अडकली आहे, त्याला इंटरनेट कधी दाखवलेलं नाही, आणि टेबलफॅन अजून त्याच्या पोटाशी आहे. आत्या दर तासाला हात लावून बघते, ताप बघावा तसा. माऊस डब्यातच असतो. आता गरज नाही हे तिला सगळ्यांत चांगलं माहीत आहे. पण झाकण लावल्याशिवाय तिला चहा गोड लागत नाही.

चहाच्या वेळी ती हे सगळं सांगते, आणि उचकीपाशी आली की जीभ टाळूला लावून आवाज काढते: कट्. रेडिओ तो तिथेच शिकली. खरी उचकी तिने आयुष्यात ऐकलेली नाही.

म्हणूनच गेल्या आठवड्यात तिला चेव आला. “आत्या, मी असा आवाज काढीन की तू चहा टाकून मशीनकडे धावत येशील.”

“पैज?”

“पैज! मी जिंकले तर डब्यातला माऊस एक दिवस माझा, आणि पत्तेही.”

“आणि हरलीस तर ही सगळी गोष्ट लिहून काढायची. शनिवारी पाचच्या आत.”

दुसऱ्या दिवशी मशीन शून्यांची पाटी कोरत होतं. रेडिओ लाकडी फळीच्या आड उकिडवी बसली, मोटरीच्या सुरात सूर मिसळला, इतका की श्वास कुठला आणि मोटर कुठली हे तिचं तिलाच कळेना, आणि वळणावर बरोबर: कट्. पलीकडे कपबशीचा आवाजही झाला नाही. तिने मनात चौसष्ट मोजले. कट्. पुन्हा चौसष्ट. कट्. आत्याने पेपरचं पान उलटलं.

रेडिओ फळीआडून बाहेर आली. “ऐकू आलं नाही का तुला?”

“आलं की. फार छान काढलास. मशीनला स्वतःलाही वाटलं असेल, माझीच उचकी.”

“मग उठली का नाहीस?”

आत्याने पेपर बाजूला केला. खाली मनगटी घड्याळ होतं. “पहिली ते दुसरी एकसष्ट. दुसरी ते तिसरी अठ्ठावन्न. घाई झाली तुला,” ती म्हणाली. “आवाज बरोबर होता गं. वेळ चुकली.”

तर हे लिहून झालं. रेडिओ म्हणजे मी, हे तुम्ही ओळखलं असेलच. पाचला चार मिनिटं कमी आहेत, वर्कशॉप रस्त्याच्या पलीकडे आहे, आणि मी पळत जाणार नाही.